ग्लिसरीनचे पुढे काय? बायोडिझेलचा जोडपदार्थ आणि घन उत्प्रेरकांचे काम

बायोडिझेलची अभिक्रिया पूर्ण झाल्यावर मिश्रण काही तास स्थिर ठेवले, की त्याचे दोन थर होतात. वरचा थर पातळ, पिवळसर आणि आरपार दिसणारा असतो, ते बायोडिझेल. तळाशी काकवीसारखा दाट, तपकिरी थर बसतो. ते कच्चे ग्लिसरीन. गाडीच्या टाकीत जाते ते वरचे, आणि बायोडिझेलविषयीची बहुतेक चर्चाही त्याचीच होते. पण कारखान्याचा हिशेब जुळणार की नाही, हे बऱ्याच अंशी तळच्या थराचे काय होते यावर ठरते. तो थर उपयोगी रसायनांत बदलण्याचे काम घन उत्प्रेरकांकडे आले आहे आणि ते काम कसे चालते, कुठे अडते, हे या लेखात पाहायचे आहे.

ग्लिसरीन किती निघणार, हे कारखानदाराच्या हातात नसते. सोयाबीन, पाम, करंज किंवा तळणीचे वापरलेले तेल, काहीही घेतले तरी तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनचा एक कणा आणि त्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. मिथेनॉलबरोबर अभिक्रिया घडवली की या साखळ्या कण्यापासून सुटतात आणि मिथेनॉलच्या तीन रेणूंना जोडल्या जातात. त्यातून तयार होणारे एस्टर म्हणजे बायोडिझेल आणि मागे उरणारा कणा म्हणजे ग्लिसरीन. वजनात मांडायचे तर १०० किलो तेल आणि सुमारे ११ किलो मिथेनॉल यांतून सुमारे १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन मिळते. हे प्रमाण रेणूच्या रचनेनेच ठरलेले असल्यामुळे यंत्रसामग्री कितीही सुधारली तरी ग्लिसरीनचा हा हिस्सा टळत नाही.

ग्लिसरीन हा पदार्थ नवा नाही. स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये ऑलिव्हचे तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवून तो प्रथम वेगळा केला. पुढे साबण उद्योगाचा जोडपदार्थ म्हणून तो मिळत राहिला आणि १८६७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइटचे पेटंट घेतल्यावर त्याची मागणी एकदम वाढली. विसाव्या शतकात ती भागवण्यासाठी पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या प्रॉपिलीनपासून कृत्रिम ग्लिसरीन बनवण्याचे मोठे कारखानेही उभे राहिले. २००० नंतर युरोप आणि अमेरिकेत बायोडिझेलचे उत्पादन झपाट्याने वाढले, बाजारात ग्लिसरीनचा पूर आला आणि भाव कोसळले. २००६ मध्ये डाउ कंपनीने टेक्सासमधील फ्रीपोर्ट येथील कृत्रिम ग्लिसरीनचा कारखाना बंद केला. त्याआधी, २००४ मध्ये, अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने जैविक कच्च्या मालापासून रसायने बनवण्यासाठी ज्या बारा पायाभूत पदार्थांची निवड केली होती, त्यांत ग्लिसरीनचे नाव होते. आजवर जे बनवावे लागत होते ते आता कच्चा माल म्हणून वापरता येईल, हा विचार तेव्हापासून जोर धरू लागला.

मग हे ग्लिसरीन औषधे, टूथपेस्ट आणि सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्यांना थेट का विकत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. अडचण अशी, की तळाशी बसणारा थर म्हणजे निव्वळ ग्लिसरीन नव्हे. त्यात न वापरले गेलेले मिथेनॉल असते, पाणी असते, मेदाम्लांचा साबण असतो, थोडे बायोडिझेल अडकलेले असते आणि अभिक्रिया घडवण्यासाठी घातलेला सोडिअम हायड्रॉक्साइड किंवा सोडिअम मेथॉक्साइडही असतो. साबण फोडण्यासाठी आणि सोडिअम निष्प्रभ करण्यासाठी त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. त्यामुळे साबणाची मेदाम्ले होऊन वर तरंगतात, पण ग्लिसरीनमध्ये मिठाची भर पडते. औषधी दर्जाचे ग्लिसरीन ९९.५ टक्क्यांच्या वर शुद्ध असावे लागते आणि तिथवर पोचण्यासाठी ऊर्ध्वपातन करावे लागते. ग्लिसरीनचा उत्कलनांक २९० अंश सेल्सिअस असून तितक्या तापमानाला ते बिघडू लागते, म्हणून हे ऊर्ध्वपातन निर्वात पात्रात करावे लागते आणि त्याला ऊर्जा व भांडवल दोन्ही लागतात.

ग्लिसरीनच्या शुद्धतेचा प्रश्न महाराष्ट्राने फार जवळून पाहिला आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉलची भेसळ असलेले ग्लिसरीन औषध म्हणून दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. त्या ग्लिसरीनचा बायोडिझेलशी संबंध नव्हता. पण औद्योगिक दर्जाचा माल आणि माणसाच्या पोटात जाणारा माल यांच्यामध्ये पक्की भिंत का असावी लागते, हे त्या घटनेने कायमचे दाखवून दिले. कच्च्या ग्लिसरीनसाठी उद्योगातच दुसरे मार्ग शोधणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

ते मार्ग समजण्यासाठी रेणूकडे पाहू. ग्लिसरीनमध्ये ओळीने तीन कार्बन असतात आणि प्रत्येक कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी असते. पेट्रोरसायनांच्या जगातील तीन कार्बनांचा रेणू म्हणजे प्रॉपिलीन. त्यात ऑक्सिजन अजिबात नसतो, म्हणून त्यापासून रसायन बनवताना ऑक्सिजन हवा तिथे घालावा लागतो. ग्लिसरीनची स्थिती नेमकी उलटी आहे. त्यात ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त आहे, त्यामुळे इथे काम काढून टाकण्याचे आहे. तिन्ही हायड्रॉक्सिल गट जवळजवळ सारखेच असताना त्यांतील नेमका एकच काढायचा, किंवा दोनच काढायचे, आणि कार्बनांची साखळी मात्र तुटू द्यायची नाही, ही या सगळ्या रसायनशास्त्रातील खरी कसोटी आहे. ग्लिसरीन नुसते तापवले तर काहीतरी घडतेच, पण त्यातून दहा पदार्थांचे मिश्रण निघते आणि ते वेगळे करण्याचा खर्च त्यांच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

ही निवड घडवण्याचे काम उत्प्रेरक करतो. उत्प्रेरक स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेला एखादी सोपी वाट मोकळी करून देतो. तो द्रवात विरघळणारा असू शकतो. सल्फ्युरिक आम्ल किंवा कॉस्टिक सोडा ही त्याची नेहमीची उदाहरणे. पण विरघळलेला उत्प्रेरक काम संपल्यावर तयार मालातच राहतो. मग तो निष्प्रभ करा, धुवा, त्यातून निघालेल्या क्षारांची आणि सांडपाण्याची विल्हेवाट लावा, अशी कामांची मालिका सुरू होते. कच्च्या ग्लिसरीनमधले मीठ हे अशाच विरघळलेल्या उत्प्रेरकाचे अवशेष आहेत. घन उत्प्रेरक द्रवात विरघळत नाही. त्याच्या गोळ्या किंवा दाणे एका उभ्या नळीत भरून ठेवतात, वरून कच्चा माल सोडतात आणि खालून तयार माल काढून घेतात. उत्प्रेरक जागच्या जागी राहतो आणि महिनोन्महिने, जमल्यास वर्षानुवर्षे, काम करतो.

या दाण्यांच्या आत बारीक छिद्रांचे जाळे असते. चांगल्या उत्प्रेरकाच्या एका ग्रॅममध्ये शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग सामावलेला असतो आणि अभिक्रिया त्या पृष्ठभागावरील ठरावीक जागांवर घडते. काही जागा आम्लधर्मी असतात, म्हणजे तिथे आलेल्या रेणूला प्रोटॉन देतात किंवा त्याच्याकडून इलेक्ट्रॉनची जोडी घेतात. काही आम्लारीधर्मी असतात आणि प्रोटॉन काढून घेतात. काही ठिकाणी धातूचे अतिसूक्ष्म कण बसवलेले असतात आणि ते हायड्रोजन फोडून पुरवतात. छिद्रांचे मापही महत्त्वाचे असते. झिओलाइट म्हणजे सिलिकॉन आणि ॲल्युमिनिअमच्या ऑक्साइडचा सच्छिद्र स्फटिक. झेडएसएम-५ या प्रसिद्ध झिओलाइटची छिद्रे जेमतेम अर्ध्या नॅनोमीटरची आहेत. ग्लिसरीन त्यांत कसेबसे शिरते, पण आत तयार झालेला मोठा रेणू बाहेर पडताना अडकतो. म्हणून या कामासाठी त्याहून रुंद छिद्रांचे बीटा झिओलाइट किंवा काही नॅनोमीटर छिद्रांची सिलिका (सिलिकॉनचा ऑक्साइड) अनेकदा सोयीची ठरते.

आता उदाहरणांकडे वळू. माझ्या मते सर्वांत समाधानकारक उदाहरण प्रॉपिलीन ग्लायकॉलचे आहे, कारण ते प्रयोगशाळेतून निघून प्रत्यक्ष कारखान्यापर्यंत पोचले. गोठणरोधक द्रवांत, विमानांवरचा बर्फ काढणाऱ्या फवाऱ्यांत, पॉलिएस्टर रेझिनांत आणि औषधांत द्रावक म्हणून हा पदार्थ लागतो. रचनेने तो ग्लिसरीनच आहे, फक्त टोकाचा एक हायड्रॉक्सिल गट कमी. तो गट काढून तिथे हायड्रोजन बसवायचा. हायड्रोजनच्या अभिक्रियांसाठी निकेल आणि रुथेनिअम हे धातू नावाजलेले, पण इथे ते गरजेपेक्षा जास्त जोरकस ठरतात. ते कार्बन आणि ऑक्सिजनमधील बंध तोडतातच, शिवाय कार्बन-कार्बन बंधही तोडतात, त्यामुळे इथिलीन ग्लायकॉल आणि मिथेनसारखे नको असलेले पदार्थ तयार होतात. तांबे या बाबतीत वेगळे आहे. हायड्रोजन पुरवणे त्याला जमते, पण कार्बनची साखळी तोडण्याची ताकद त्याच्यात फारशी नाही, आणि इथे हा दुबळेपणाच गुण ठरतो.

अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठात गेलन सप्पीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम नीट उलगडले. तांबे आणि क्रोमिअम यांच्या मिश्र ऑक्साइडवर, सुमारे २०० अंश तापमानाला आणि सुमारे १४ बार इतक्या बेताच्या दाबाखाली, ग्लिसरीन दोन पायऱ्यांनी बदलते असे त्यांनी दाखवले. पहिल्या पायरीत पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि ॲसिटॉल नावाचा मधला पदार्थ बनतो; दुसऱ्या पायरीत ॲसिटॉलला हायड्रोजन मिळून प्रॉपिलीन ग्लायकॉल तयार होते. मधला पदार्थ ओळखल्यामुळे मोठा फायदा झाला, कारण दोन्ही पायऱ्यांना लागणारी परिस्थिती वेगवेगळी सांभाळता येऊ लागली आणि आधीच्या पद्धतींना लागणारा प्रचंड दाब टाळता आला. या कामाला २००६ चा अमेरिकी सरकारचा हरित रसायनशास्त्र पुरस्कार मिळाला. पुढे आर्चर डॅनियल्स मिडलँड कंपनीने इलिनॉय राज्यातील डेकेटर येथे २०११ मध्ये वर्षाला एक लाख टन क्षमतेचा प्रकल्प सुरू केला, तर बेल्जियममध्ये एर्टवेल्डे येथे ओलिऑन आणि बीएएसएफ यांनी तांब्याचाच उत्प्रेरक वापरून वीस हजार टनांचा प्रकल्प २०१२ मध्ये उभा केला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही तांब्यावर आधारलेल्या उत्प्रेरकांवर बरेच काम झाले आहे. क्रोमिअमचे सहा संयुजेचे रूप घातक असते, त्यामुळे ते वगळून ॲल्युमिनिअम, जस्त किंवा मॅग्नेशिअमच्या ऑक्साइडच्या आधाराने तांबे बसवण्याकडे आज संशोधकांचा कल आहे.

या मार्गाचा हिशेब मात्र कोरड्या नजरेने तपासायला हवा. १०० किलो ग्लिसरीनपासून, सगळे अचूक घडले तरी, जास्तीत जास्त ८२ ते ८३ किलो प्रॉपिलीन ग्लायकॉल मिळते. बाकीचे वजन पाणी होऊन जाते. शिवाय हायड्रोजन विकत घ्यावा लागतो आणि आज तो बहुतांशी नैसर्गिक वायूपासून बनतो. ग्लिसरीन वनस्पतीपासून आले म्हणून तयार झालेले रसायन आपोआप कार्बनमुक्त होत नाही, हे इथे लक्षात ठेवावे लागते.

दुसरे उदाहरण ॲक्रोलीनचे. कढईतले तेल फार तापून धुरावले, की डोळ्यांना आणि घशाला झोंबणारा जो वास येतो, त्याला मुख्यतः हाच पदार्थ कारणीभूत असतो. तेलातील ग्लिसरीनचा कणा तीव्र उष्णतेने पाण्याचे दोन रेणू गमावतो आणि ॲक्रोलीन होतो. विषारी असले तरी ते उद्योगाला हवे असते, कारण कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते मिथिओनीन हे अमिनो आम्ल त्यापासून बनते आणि ॲक्रिलिक आम्लही बनते, जे रंगांपासून लहान मुलांच्या डायपरमधील पाणी शोषणाऱ्या दाण्यांपर्यंत अनेक ठिकाणी लागते. आज जगातले ॲक्रोलीन प्रामुख्याने प्रॉपिलीनपासूनच तयार होते.

ग्लिसरीनची वाफ २५० ते ३५० अंशांच्या दरम्यान घन आम्लावरून नेली, की ॲक्रोलीन मिळते. घन आम्ल म्हणजे झिओलाइट, टंगस्टनचा ऑक्साइड बसवलेला झिर्कोनिया (झिर्कोनिअमचा ऑक्साइड) किंवा सिलिकावर बसवलेली हेटरोपॉली आम्ले, म्हणजे टंगस्टनसारख्या धातूंची गुंतागुंतीच्या रचनेची आम्ले. इथे आम्ल कोणत्या प्रकारचे आहे यावर सगळे अवलंबून असते. प्रोटॉन देणाऱ्या जागा ग्लिसरीनच्या मधल्या हायड्रॉक्सिल गटाला धरतात, तो पाणी होऊन निघतो आणि पुढे ॲक्रोलीन बनते. इलेक्ट्रॉनची जोडी स्वीकारणाऱ्या जागांवर मात्र टोकाचा गट निघतो आणि ॲसिटॉल तयार होते. म्हणजे ज्या ॲसिटॉलची तांब्याच्या उत्प्रेरकावर गरज असते, तेच इथे नुकसान ठरते. एकाच रेणूतला मधला गट निघाला की एक रसायन आणि टोकाचा निघाला की दुसरे, ही गोष्ट ज्याला एकदा पटली त्याला उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावरील जागा मोजण्यात संशोधक आयुष्य का घालवतात, हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रयोगशाळेत ॲक्रोलीनचे उत्पादन चांगले मिळते. अडचण टिकाऊपणाची आहे. त्या तापमानाला ॲक्रोलीन आणि त्याचे सोबती एकमेकांना जुळत जातात आणि काळा, कार्बनयुक्त थर उत्प्रेरकाच्या छिद्रांत साचतो. त्याला कोक म्हणतात. काही तासांत, फार तर काही दिवसांत, आम्लधर्मी जागा झाकल्या जातात आणि काम मंदावते. उपाय आहेत: वाफेबरोबर थोडा ऑक्सिजन सोडून कोक साचता साचताच जाळणे, किंवा दोन रिॲक्टर ठेवून एक चालू असताना दुसऱ्यातला कोक हवेत जाळून काढणे. पण कोक जाळताना निघणारी उष्णता आणि वाफ उत्प्रेरकाची रचना हळूहळू खराब करतात, आणि दर खेपेला त्याची थोडी ताकद जाते. प्रॉपिलीनचा जुना मार्ग अजून टिकून आहे तो मुख्यतः या कारणाने, असे मला वाटते. ग्लिसरीनची रसायनविद्या कमी पडली म्हणून नव्हे.

या दोन्ही मार्गांत ग्लिसरीनचे वजन घटते. उलट दिशेने, म्हणजे हायड्रॉक्सिल गट न काढता त्यांना काहीतरी जोडून, गेलो तर वजन वाढते आणि तापमानही कमी पुरते. मला हा मार्ग अधिक आशादायक वाटतो. ग्लिसरॉल कार्बोनेट हे त्याचे उत्तम उदाहरण (ग्लिसरॉल हे ग्लिसरीनचेच रासायनिक नाव). ग्लिसरीन आणि डायमिथाइल कार्बोनेट यांची घन आम्लारीवर अभिक्रिया घडवली की १०० किलो ग्लिसरीनपासून हिशेबाप्रमाणे १२८ किलो कार्बोनेट मिळते आणि मिथेनॉल मोकळे होते. ते मिथेनॉल बायोडिझेलच्याच अभिक्रियेत परत वापरता येते. कार्बोनेट हा कमी बाष्पशील, फारसा विषारी नसलेला द्रावक आहे आणि पॉलियुरेथेनसारख्या पदार्थांचा कच्चा मालही आहे. यासाठी जे घन आम्लारी वापरतात त्यांत हायड्रोटाल्साइट विशेष उल्लेखनीय आहे. मॅग्नेशिअम आणि ॲल्युमिनिअमच्या हायड्रॉक्साइडचे पातळ थर आणि त्यांच्यामध्ये कार्बोनेट व पाणी, अशी त्याची रचना असते. ते साधारण ४५० अंशांना भाजले की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात आणि आम्लारीधर्मी जागा उघड्या पडतात. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत तिचे माजी कुलगुरू पद्मश्री गणपती यादव यांच्या गटाने सिलिकाच्या आधारावर बसवलेले हायड्रोटाल्साइट वापरून ही अभिक्रिया अभ्यासली आहे.

सोलकेटल हा याच कुळातला दुसरा पदार्थ. ग्लिसरीन आणि ॲसिटोन यांच्यापासून तो बनतो आणि इंधनात मिसळण्यासाठी व द्रावक म्हणून तो उपयोगी पडतो. अभिक्रियेच्या सुरुवातीला पात्रात पाहिले तर ॲसिटोन वर आणि ग्लिसरीन खाली, असे दोन वेगळे थर दिसतात, कारण ते एकमेकांत मिसळत नाहीत. अँबरलिस्ट-१५ सारख्या आम्लधर्मी रेझिनचे बारीक मणी घालून ढवळत राहिले की थोडे सोलकेटल तयार होते. ते दोन्हींत मिसळत असल्यामुळे पुढे थर नाहीसे होतात, सगळे एकजीव होते आणि मग वेग वाढतो. ५०-६० अंश तापमान पुरते. मात्र या अभिक्रियेत पाणीही तयार होते आणि ते साचले की अभिक्रिया उलटी फिरू लागते. म्हणून ॲसिटोन जास्त घालावे लागते किंवा पाण्याला दूर ठेवणारा, सिलिकाचे प्रमाण जास्त असलेला झिओलाइट निवडावा लागतो. ॲसेटिक आम्लाबरोबर अशाच घन आम्लांवर ट्रायॲसेटिन मिळते.

ग्लिसरीन पूर्णपणे फोडून हायड्रोजन मिळवणेही शक्य आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स ड्युमेसिक यांच्या गटाने २००२ मध्ये प्लॅटिनमवर, पाण्यातच, साधारण २२५ ते २६५ अंशांना हे करून दाखवले. विज्ञान म्हणून ते सुंदर आहे, परंतु निसर्गाने इतक्या नेटकेपणाने घडवलेला तीन कार्बनांचा रेणू फोडून पुन्हा साधे वायू करणे हा मला शेवटचा पर्याय वाटतो.

एक गोष्ट इथे प्रांजळपणे सांगायला हवी. ग्लिसरीनचा जो औद्योगिक उपयोग सर्वांत यशस्वी झाला आहे त्यांत घन उत्प्रेरक नाही. इपॉक्सी रेझिनसाठी लागणारे एपिक्लोरोहायड्रिन ग्लिसरीन आणि हायड्रोजन क्लोराइडपासून बनवतात आणि त्या अभिक्रियेचा उत्प्रेरक द्रवात विरघळणारे कार्बनी आम्ल असते. सॉल्व्हे कंपनीने फ्रान्समधील ताव्हो येथे आणि नंतर थायलंडमध्ये हा मार्ग व्यापारी पातळीवर नेला. भारतात गुजरातमधील दहेज येथे २०२२ मध्ये असा वर्षाला पन्नास हजार टनांचा प्रकल्प सुरू झाला.

तरीही घन उत्प्रेरकांचा आग्रह का धरावा, याचे उत्तर कच्च्या ग्लिसरीनमधल्या अशुद्धींपाशी येते आणि या उत्प्रेरकांचा सर्वांत मोठा शत्रूही तिथेच आहे. शोधनिबंधात ९५ टक्के रूपांतर असे वाचले, की मी आधी ग्लिसरीन कोणते वापरले ते पाहतो. बहुतेक वेळा ते बाटलीतले, ९९ टक्के शुद्ध असते. तोच उत्प्रेरक कारखान्यातल्या तपकिरी द्रवावर चालवला तर चित्र बदलते. आम्लधर्मी रेझिनच्या मण्यावर सल्फोनिक गट असतात आणि त्यांचे प्रोटॉन हीच त्यांची ताकद असते. ग्लिसरीनमधला सोडिअम आला की तो प्रोटॉनची जागा घेतो आणि मणी आम्ल राहत नाही. पाणी मृदू करणाऱ्या यंत्रातील रेझिनमध्ये होते तीच आयनांची अदलाबदल इथे नको असताना घडते. आम्लाने धुऊन मणी पुन्हा जिवंत करता येतात, पण मग सांडपाणी परत आले. तांब्याच्या उत्प्रेरकाला क्लोराइड सोसत नाही. त्यामुळे तांब्याचे सूक्ष्म कण सरकून एकमेकांना चिकटतात, मोठे होतात आणि कामाचा पृष्ठभाग घटतो. गंधक तर तांब्याचे उघड विष आहे. म्हणजे साबण फोडायला हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचे की सल्फ्युरिक, हा बायोडिझेल विभागातला किरकोळ वाटणारा निर्णय पुढच्या विभागातील उत्प्रेरकाचे आयुष्य ठरवतो.

आणखी एक धोका बाहेरून दिसत नाही. घन म्हणून वापरलेला उत्प्रेरक कधी कधी हळूहळू विरघळत असतो. चुनखडीपासून मिळणारा कॅल्शिअम ऑक्साइड स्वस्त आणि जोरकस आम्लारी आहे, पण ग्लिसरीनबरोबर तो कॅल्शिअमचे एक संयुग बनवतो आणि त्यातला काही भाग द्रवात उतरतो. मग काम घन करत आहे की विरघळलेला भाग, हे कळत नाही. याची परीक्षा साधी आहे: अभिक्रिया अर्ध्यावर असताना मिश्रण गरम असतानाच गाळायचे, घन बाजूला काढायचा आणि उरलेला द्रव त्याच तापमानाला तसाच चालू ठेवायचा. अभिक्रिया थांबली तर काम खरोखर घन करत होता. पुढे सरकत राहिली तर तो विरघळत होता. ही चाचणी नसलेल्या दाव्यावर मी फारसा विसंबत नाही.

या सगळ्यातून एक विचार पुढे येतो आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घाण झालेले ग्लिसरीन साफ करण्यापेक्षा ते मुळात घाण होऊ न देणे चांगले. त्यासाठी घन उत्प्रेरक एक पाऊल आधी, तेल आणि मिथेनॉलच्या अभिक्रियेतच वापरायला हवा. फ्रेंच पेट्रोलियम संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीत जस्त आणि ॲल्युमिनिअमच्या मिश्र ऑक्साइडने भरलेले दोन रिॲक्टर असतात आणि त्यांच्यामध्ये ग्लिसरीन वेगळे काढून घेतात. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील सेत येथे २००६ मध्ये या पद्धतीचा १,६०,००० टनांचा कारखाना सुरू झाला. तिथे सोडिअम वापरतच नसल्यामुळे साबण नाही, क्षार नाहीत आणि ग्लिसरीन ९८ टक्क्यांहून अधिक शुद्ध निघते. त्याची किंमत चुकवावी लागते: सोडिअम मेथॉक्साइडला ६० अंशांच्या आसपास जे जमते, त्यासाठी इथे २०० अंशांच्या आसपासचे तापमान आणि बराच दाब लागतो, आणि तेलही आधी शुद्ध केलेले लागते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डी. श्रीनिवास आणि पॉल रत्नसामी यांच्या गटाने लोह आणि जस्त यांच्या दुहेरी सायनाइडचा जो घन उत्प्रेरक विकसित केला, तो आपल्या परिस्थितीला अधिक जवळचा आहे. त्याचा पृष्ठभाग पाण्याला दूर ठेवतो आणि तेलातील मोकळी मेदाम्ले व तेलाचे रेणू या दोन्हींचे तो एकाच वेळी बायोडिझेलमध्ये रूपांतर करतो. सोडिअमच्या पद्धतीत हीच मोकळी मेदाम्ले साबण होऊन सगळा घोळ करतात. भारतात २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे लक्ष्य ठेवले आहे आणि खाद्यतेलाची टंचाई असलेल्या देशात त्यासाठी तळणीच्या वापरलेल्या तेलावर भर देणे ओघानेच येते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल पुन्हा खाद्यपदार्थांसाठी वापरता येत नाही. उपाहारगृहांतून आणि फरसाणाच्या कारखान्यांतून गोळा होणाऱ्या अशा तेलात मोकळी मेदाम्ले आणि पाणी दोन्ही जास्त असतात, त्यामुळे त्यातून निघणारे ग्लिसरीन अधिकच गढूळ असते.

राहतो प्रश्न आकाराचा. बेल्जियममधील प्रकल्पाएवढे, वीस हजार टन प्रॉपिलीन ग्लायकॉल बनवायचे तर किमान चोवीस हजार टन ग्लिसरीन लागते आणि तेवढे जमवायला जवळपास अडीच लाख टन बायोडिझेल बनावे लागते. वापरलेल्या तेलावर चालणारा लहान कारखाना दिवसाला दहा टन तेल हाताळत असेल, तर त्याच्याकडे रोज फक्त एक टन ग्लिसरीन जमते. एवढ्यासाठी हायड्रोजनचा दाब सांभाळणारी यंत्रणा उभारणे परवडणारे नाही. अशा कारखान्यांसाठी दोन मार्ग मला व्यवहार्य दिसतात. पहिला म्हणजे घन उत्प्रेरकावर तेल चालवून स्वच्छ ग्लिसरीन काढायचे आणि अनेकांचे मिळून ते एखाद्या मोठ्या प्रकल्पाला पुरवायचे. दुसरा म्हणजे सोलकेटल किंवा कार्बोनेटसारख्या, कमी तापमानाच्या आणि फारसा दाब न लागणाऱ्या अभिक्रिया तिथल्या तिथे, छोट्या रिॲक्टरमध्ये चालवायच्या. दुसऱ्या मार्गासाठी गढूळ ग्लिसरीनवर, पाणी आणि सोडिअम सोसून, सलग हजारभर तास टिकेल असा घन उत्प्रेरक हवा. बाटलीतल्या शुद्ध ग्लिसरीनवर आणखी दोन टक्के उत्पादन वाढवण्यापेक्षा त्या टिकाऊपणावर मेहनत घेणारे संशोधन आपल्या प्रयोगशाळांतून आणि विद्यापीठांतून अधिक व्हायला हवे.